बटव्यातला कागद

आमच्या वलगावात कोणी बाई यात्रेला किंवा टूरला निघाली, की आदल्या रात्री मी तिच्या घरी जाते. हातात एक कोरा कागद, पेन आणि प्लॅस्टिकची छोटी पिशवी. मला पाहिलं की घरातली पोरं ओरडतात, ‘‘आली, कागदवाली काकू आली!’’ मीही हसते, खाटेवर टेकते आणि त्या बाईकडूनच तिच्या हातानं लिहून घेते. तिचं पूर्ण नाव, गाव, तालुका, घरचे दोन फोन नंबर, रक्तगट, चालू असलेल्या गोळ्या. कागद पिशवीत आणि पिशवी बटव्यात. ‘‘बॅगेत नको, नवऱ्याच्या पाकिटात तर मुळीच नको. आपल्या अंगावर पाहिजे,’’ एवढं बजावते आणि उठते.

हे काय वेड, असं तुम्हालाही वाटेल. मैत्रिणींनो, हे वेड मला २५ एप्रिल २०१५ या दिवशी काठमांडूत लागलं.

त्या वर्षी सासूबाईंनी हट्ट धरला होता. पंढरपूर, माहूर, शेगाव झालं होतं. काशीही एकदा झाली होती. आता पशुपतिनाथाचं दर्शन आणि येताना जनकपूर, एवढंच त्यांचं मागणं होतं. ‘‘सीतामायचं माहेर पाह्यचं हाय मले,’’ असं त्या म्हणायच्या. दूध विकून साठवलेले पैसे त्यांनी डब्यातून काढून यांच्यासमोर ठेवले, मग नाही म्हणायची सोयच राहिली नाही. यांचं खता-बियाण्यांचं दुकान. पेरणीच्या आधीचे दिवस तसे रिकामेच असतात. मुलीची पाचवीची परीक्षाही संपली होती. अशा रीतीनं आम्ही चौघं १६ एप्रिलला यात्रेच्या बसमध्ये बसलो.

अशा बसचा संसार तुम्हाला माहीत असेलच. आम्ही ३८ यात्रेकरू, दोन ड्रायव्हर, एक आचारी, त्याचा मदतनीस आणि टूरवाल्यांचा एक माणूस. टपावर गाद्या, ताडपत्री, मोठी पातेली. डिकीत कणिक, तांदूळ, तुरीची डाळ, तिखट-मीठ, कांदे-बटाटे. नागपूर, जबलपूर, प्रयाग, काशी, अयोध्या, गोरखपूर करत आम्ही सोनौलीची सरहद्द ओलांडली. पासपोर्ट लागला नाही, मतदान कार्डावर काम झालं. परदेश म्हणतात तो इतका सोपा असतो, याचंच नवल वाटलं. घड्याळं पंधरा मिनिटं पुढे केली, एवढाच काय तो फरक. पाट्याही आपल्याच लिपीत! सासूबाई उतारवयात प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या. त्या खिडकीतून एकेक पाटी मोठ्यानं वाचत होत्या. ‘‘खानेपानी... अस्पताल... आपल्यासारखंच तं हाय वं सारं!’’

लुंबिनी झालं, पोखरा झालं, मनकामनेला पाळण्यातून वर जाताना बाया डोळे मिटून नामस्मरण करत होत्या. आणि २५ तारखेला, शनिवारी सकाळी, पशुपतिनाथाचं दर्शन झालं. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दर्शनानंतर आम्ही मंदिरापासून थोड्या अंतरावरच्या मोकळ्या जागेत बसजवळ आलो. आचाऱ्यानं भट्टी पेटवली, बाया भाजी चिरायला बसल्या. जेवून दुपारी धरहरा नावाचा उंच मनोरा पाहायला जायचं ठरलं होतं. मुलीला त्याच्यावर चढायची फार घाई. टूरवाल्यांचा माणूस, हे आणि आणखी तिघं पुरुष पैसे बदलायला बाजारात गेले. ‘‘तासाभरात येतो,’’ असं सांगून गेले.

बारा वाजायला चार मिनिटं होती. आधी कावळे उडाले. मग खालून ट्रक जावा तशी घरघर आली आणि जमीन आडवी हलायला लागली. मी उभी होते ती पडले. पातेल्यातला वरणाचा उकळता रस्सा बाहेर सांडला. बस डावीकडे-उजवीकडे झुलत होती. समोरच्या रस्त्याकडेची विटांची भिंत आमच्या डोळ्यांदेखत खाली आली आणि धुळीनं सगळं दिसेनासं झालं. लोक ओरडत होते, ‘‘भुइँचालो! भुइँचालो!’’ तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, पण सासूबाईंना लगेच समजला. ‘‘भुई चालली वं माय, धरणीमाय चालली,’’ म्हणत त्यांनी नातीला पोटाशी धरलं. जेमतेम एक मिनिट. पण ते मिनिट संपतच नव्हतं.

आम्ही मोकळ्यावर होतो म्हणून वाचलो. आमच्यातल्या कोणाला मोठी इजा झाली नाही. आचाऱ्याचा पाय भाजला, एका आजीच्या मनगटाला मार लागला. पण बाजारात गेलेले पाच जण?

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमची तिघा मोठ्यांची मतदान कार्डं यांच्या कमरेच्या पाकिटात. पैसे त्यांच्याजवळ. फोन त्यांच्याजवळ. लॉजचं नाव मला आठवेना, कारण मी ते पाहिलंच नव्हतं, पुरुष मंडळी पाहत होती ना! मी बी.ए. झालेली, गावात चार बचत गट उभे केलेली, तहसील कचेरीत अधिकाऱ्याशी भांडून बायांची कामं करून देणारी बाई. आणि परक्या देशात माझ्या बटव्यात साठ रुपये, हळदी-कुंकवाची डबी आणि सुपारी. मी कोण, कुठली, हे सांगणारा कागदाचा कपटाही माझ्या अंगावर नव्हता. सोबतच्या बायांना विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांची हीच गत.

दर पंधरा-वीस मिनिटांनी जमीन पुन्हा हलायची. कोणी म्हणे, विमानतळाकडे चला, तो जवळच आहे. कोणी म्हणे, बाजाराकडे शोधायला जाऊ. मी निघालेच होते. सासूबाईंनी पदर धरून मला खाली बसवलं. ‘‘बहिरमच्या जत्रंत माणूस चुकलं तं काय करतेत? जिथं चुकलं तिथंच बसतेत. तू तिकडं जाशीन अन् तो इकडं येईन. मी इथून हालत नाही, अन् तुलेही जाऊ देत नाही.’’

त्यांच्या त्या हट्टानंच आम्हाला सावरलं. साडेचारच्या सुमारास पाचही जण पायी चालत आले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी धूळ. रस्ते बंद, गाड्या नाहीत, म्हणून इतका वेळ लागला. बस तिथेच असेल या एका भरवशावर ते आले होते. ज्या धरहऱ्यावर माझी मुलगी चढणार होती, तो नऊ मजली मनोरा यांच्या वाटेवरच पडलेला होता. त्याच्या ढिगाऱ्यात किती माणसं गेली! त्या रस्त्यानं काय पाहिलं, ते यांनी मला आजवर नीट सांगितलेलं नाही. मीही खोदून विचारत नाही.

त्याच संध्याकाळी भारताचं वायुदलाचं पहिलं विमान काठमांडूत उतरलं. ‘ऑपरेशन मैत्री’ या नावानं मदत सुरू झाली होती. डोक्यावरून विमानं जाताना दिसत होती, आवाजानं धीर येत होता. दुसऱ्या दिवशी अडकलेल्या भारतीयांची नावं मदत करणारे लोक जागोजागी मागू लागले. टूरवाल्यांच्या माणसानं खिशातून यादी काढली. मी ती हातात घेतली आणि थक्क झाले. त्यात अमुकराव – ४ सीट, तमुकराव – ३ सीट, अशी आडनावं आणि आकडे. ३८ माणसांच्या यादीत जेमतेम तेरा नावं. आम्ही चोवीस बाया होतो, त्यात एकीचंही नाव नव्हतं. आम्ही सगळ्या ‘सीट’ होतो!

रागही आला आणि रडूही. मग मुलीच्या चित्रकलेच्या वहीची पानं फाडली आणि एकेकीजवळ जाऊन बसले. पूर्ण नाव सांगा. वय सांगा. गाव सांगा. घरी कोणाला कळवायचं, त्याचा नंबर सांगा. किती अवघड गेलं म्हणून सांगू! सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, ‘‘माहं नाव कायले पाह्यजे? घरधन्याच्या नावानं लिवा ना.’’ त्यांचा घरधनी जाऊन दहा वर्षं झाली होती. एक सून नंबर सांगताना सहा आकड्यांवर अडली. ‘‘मोबाइलमध्ये सेव्ह आहे ना ताई, पाठ कशाला करायचा?’’ आणि मोबाइल तर चार्जिंग संपून मेलेला.

मी तरी कोणत्या तोंडानं हसणार? मला यांचाही नंबर पाठ नव्हता. रविवारी रात्री एका दुकानदारानं त्याच्या फोनवरून एक-एक मिनिट बोलू दिलं. माझा नंबर आला तेव्हा आठवला तो एकच, अकोल्याच्या माहेरचा जुना लँडलाइन. बाबांनी तो फोन काढू दिला नव्हता म्हणून वाचले. भाऊ फोनवर आधी काही बोलूच शकला नाही. मग म्हणाला, ‘‘ताई, कालपासून जिथे जिथे फोन लावतोय तिथे सांगतात, या नावाची बाई यादीत नाही.’’ नसणारच ना!

त्या मोकळ्या जागेत आम्ही दोन रात्री काढल्या. रात्री पाऊस आला. थंडी अशी की दात वाजत होते. बसमध्ये झोपायची भीती वाटे, म्हणून ताडपत्री बांधून सगळे त्याखाली दाटीवाटीनं बसलो. रविवारी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा मोठा धक्का बसला. अफवांना तर ऊत आला होता. आज रात्री अमुक वाजता याहून मोठा येणार, असं कोणीतरी येऊन सांगायचं. असा वेळ सांगून भूकंप येत नसतो, हे मला वाचून माहीत होतं, पण त्या अंधारात माझीही छाती धडधडायचीच.

बायांचे प्रश्न आणखी वेगळे. संडासाला जायचं कुठे? दोन मुलींची पाळी आलेली. सासूबाईंनी गाठोड्यातून आपलं नऊवारी लुगडं काढलं, आणखी दोघींनी साड्या दिल्या, आणि बसच्या आडोशाला चार काठ्यांवर आम्ही कूड केलं. कोपऱ्यात खड्डा, शेजारी मातीचा ढीग. जुनं सुती पातळ फाडून मुलींना घड्या करून दिल्या. एवढ्याशा आडोशानं बायांचे चेहरे किती सुटले! मग आजूबाजूच्या नेपाळी बायाही विचारत यायला लागल्या.

आमच्या ताडपत्रीशेजारी एक तरुण नेपाळी बाई होती. कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ, सोबत म्हातारी सासू. त्यांच्या घराला मोठी भेग गेली होती. आत जायची हिंमत नव्हती. मी तिला ‘बहिनी’ म्हणायचे, ती मला ‘दिदी’. आमच्याकडे आठवडाभराची कणिक-डाळ होती. टूरवाल्यांच्या माणसाचं म्हणणं, रस्ता कधी खुलेल सांगता येत नाही, शिधा आपल्याच माणसांपुरता ठेवा. त्याचं अगदीच चूक होतं असं नाही, त्याच्यावर ३८ जणांची जबाबदारी होती. सगळे गप्प बसले. तेव्हा सासूबाई बोलल्या, ‘‘आपून गाडगेबाबाच्या गावचे लोकं. उपाशी लेकराच्या पुढं बसून कसं जेवतं वं?’’

वाचकहो, गाडगेबाबांचा शेवटचा प्रवास आमच्या गावाजवळच थांबला. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांना अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. ज्यानं स्वतःसाठी झोपडी बांधली नाही, पण पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी परक्या वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या माणसाचं नाव घेतल्यावर वाद संपला. आचाऱ्याचा पाय भाजलेला, म्हणून आम्ही बायाच भट्टीवर बसलो. दोन दिवस पातळ वरण आणि भाकरीएवढ्या जाड पोळ्या. आम्ही जेवलो, शेजारचेही जेवले. बहिनीनं आमच्यासाठी कुठून तरी दोन घागरी पाणी आणलं. त्या पाण्याची किंमत आमच्या शिध्यापेक्षा जास्त होती, कारण तिथे पाणीच मिळत नव्हतं. दूर बागमतीच्या काठावरून मात्र दिवसरात्र चितांचा धूर वर जात होता.

सोमवारी, २७ तारखेला रस्ता सुरू असल्याचं कळलं आणि आमची बस निघाली. मुगलिंग, नारायणगड, बुटवल. जागोजागी दरडी, घाटात वळणावर बस थांबली की सगळ्यांचा श्वास थांबायचा. सोनौलीला पोचलो तेव्हा रात्र होती. अलीकडे मंडप टाकून लोक पुरी-भाजी, पाणी, औषधं घेऊन उभे होते. अनोळखी माणसं पुढं होऊन म्हाताऱ्यांना हात देत होती. सासूबाईंनी उतरून आधी जमिनीला हात लावून नमस्कार केला. जनकपूर राहिलंच. त्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. ३० एप्रिलला वलगावात शिरलो तेव्हा पेढीच्या पुलाजवळ अर्धं गाव जमलं होतं.

घरी आल्यावर आकडे कळत गेले. ७.८ तीव्रतेचा भूकंप, केंद्र गोरखा जिल्ह्यात बारपाक गावाजवळ. सुमारे ९ हजार माणसं गेली, २२ हजारांच्या आसपास जखमी झाली, पाच लाखांच्या घरात घरं कोसळली. बसमध्ये एक काका म्हणत होते, पाप वाढलं म्हणून देव कोपला. मला ते पटलं नाही. आपला भूखंड दरवर्षी काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाखाली रेटा देतो. तो ताण वर्षानुवर्षं साठतो आणि एक दिवस सुटतो. १९३४ सालीही असंच झालं होतं, तेव्हाही तो धरहरा पडलाच होता. देव कोपायचा असता तर शनिवार कशाला निवडता? नेपाळात शनिवारी शाळांना सुटी असते. शाळा कितीतरी पडल्या, पण वर्गात लेकरं नव्हती.

आपल्या किल्लारीचं उलट झालं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला माणसं गाढ झोपेत होती. वर दगड-मातीच्या जाड भिंती. तिथला भूकंप नेपाळच्या मानानं कितीतरी लहान, तरीही दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. गोरखा आणि सिंधुपाल्चोक जिल्ह्यांतली घरंही तशीच दगड-मातीची होती. जमीन हलते, पण माणसाला मारतं ते बहुधा त्याच्या डोक्यावरचं ओझं. म्हणून आता सांगते, घरात असताना जमीन हलली तर जिन्यावरून धावू नका, मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका. बाहेर असाल तर भिंती, खांब आणि तारांपासून लांब, मोकळ्यावर राहा.

आणि प्रवासाला निघताना एवढं करा. आपलं ओळखपत्र आपल्याजवळ ठेवा. थोडे पैसे आपल्याजवळ, थोडे सोबतच्या माणसाजवळ. दोन नंबर तोंडपाठ करा, पाढ्यासारखे. जिथे उतराल तिथल्या लॉजचं नाव उतरल्या उतरल्या कागदावर लिहा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते रोज सकाळी ठरवा. परदेशात जात असाल तर तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर लिहून घ्या. टूरवाल्यांच्या यादीत तुमचं नाव, तुमच्या स्वतःच्या नावानं आहे की नाही, ते बसमध्ये चढण्याआधी डोळ्यांनी पाहा. ‘४ सीट’ लिहिलं असेल तर खोडून नावं लिहायला लावा. कोणी हसलं तर हसू द्या.

माझी एक चूक मात्र मला अजून खाते. सगळ्यांची नावं लिहिणारी मी, त्या बहिनीचं नाव लिहून घ्यायचं विसरले. निघताना घाई झाली. तिनं खिडकीतून मुलीच्या हातात दोन संत्री दिली, बाळाचा हात हलवला, आणि बस सुटली. १२ मे रोजी नेपाळात पुन्हा ७.३ चा भूकंप झाला. टीव्हीवर पाहून सासूबाई उठून बसल्या. ‘‘त्या पोरीले फोन लाव वं.’’ कुठं लावू? ना नाव, ना नंबर, ना गल्ली. तिची भेगाळलेली भिंत उभी राहिली की पडली, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

सासूबाई २०१९ मध्ये गेल्या. तेराव्यानंतर त्यांचा बटवा उघडला. सुपारी, अडकित्ता, काही चिल्लर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी स्वतः लिहिलेलं आपलं नाव, गाव वलगाव, बी.पी.ची गोळी सकाळी. ‘कोणाला कळवावं’ यापुढे मुलाच्या आधी माझं नाव आणि माझा नंबर होता. एकही आकडा चुकलेला नव्हता.

उद्या पहाटे आमच्या गटातल्या अकरा जणी अयोध्या करून जनकपूरला निघतायत. मीही त्यांच्यात आहे. माझा कागद तयार आहे, यावेळी सोबत एक कोरी वहीही घेतली आहे. भेटेल त्या बाईचं नाव लिहून घ्यायला. आता उठते, अजून तीन घरी जायचं राहिलंय.